बूथ वाचला होता का? दावा असा तपासा

लिंकनचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ १८६५ मध्ये मेलाच नाही, नाव बदलून जगला, हा दावा तपासताना सुरुवात बूथची म्हणून दाखवल्या गेलेल्या ममीपासून करू नका. आधी मृतदेहाची ओळख कशी पटवली ते पाहा.

२६ एप्रिलला व्हर्जिनियातल्या गॅरेटच्या शेतावर गोळी लागलेला देह दुसऱ्या दिवशी माँटॉक या युद्धनौकेवर तपासला गेला. हातावर गोंदलेली आद्याक्षरे होती, पायाचे हाड मोडलेले होते. सर्वांत मोलाची खूण मानेवरचा व्रण. शल्यचिकित्सक डॉ. मे यांनी पूर्वी बूथच्या मानेवरची गाठ काढली होती, पुढे जखम उसवली आणि व्रण रुंद, ओबडधोबड भरला. अशी खूण योगायोगाने जुळत नाही. देह ओळखायला बोलावलेल्या मे यांना चेहरा आधी ओळखू आला नाही, पुढे त्यांनी मोडलेला पाय उजवा लिहिला. मोडला होता डावा. दावेदार नेमके एवढेच उचलतात, म्हणून साक्ष पूर्ण वाचा.

मग १९०३ मध्ये ओक्लाहोमातल्या एनिड इथे विष घेऊन मेलेला डेव्हिड जॉर्ज; ममी म्हणतात ती याच्याच मृतदेहाची. तोच बूथ, हे सांगणारे वकील बेट्स यांचे पुस्तक १९०७ चे. जॉर्जच्या अंगावर बूथशी जुळते म्हटलेल्या प्रत्येक खुणेपुढे ती पहिल्यांदा कधी नोंदली गेली ते लिहा. बूथचे वर्णन छापून आल्यानंतर 'आठवलेली' खूण पुरावा धरू नका.

डीएनए जुळवण्यासाठी बूथचा भाऊ एडविन उपयोगी, कारण आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए भावंडांत सारखा असतो. पण बूथची बाल्टिमोरमधली कबर उकरायला न्यायालयाने १९९५ मध्ये नकार दिला. बूथच्या मानेचे मणके मात्र सरकारी वैद्यकीय संग्रहालयात जपलेले आहेत.