सांधे आखडले, पोट जड झालं, तर सुंठ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुंठ घेताना अख्खीच घ्या. फार पांढरीशुभ्र असेल तर बहुधा चुना लावलेला असतो. मातकट रंगाची बरी. अर्धा चमचा ठेचून दीड कप पाण्यात टाका, मंद आचेवर कपभर उरेपर्यंत उकळा. माडाचा गूळ गाळल्यावर घाला. आलं वाळताना त्यात शोगाओल हे तिखट द्रव्य वाढतं, म्हणून सुंठ ओल्या आल्यापेक्षा झणझणीत; रिकाम्यापोटी घेतली तर छातीत जळजळते.

जेवणानंतरचा जडपणा, गॅस यांवर उतारा चांगला. गुडघ्यांना थोडाफार आराम, तोही रोज घेतल्यास, चमत्कार नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. सांधा लाल, गरम होऊन सुजला असेल तर काढ्यात वेळ घालवू नका.