कोयता फडावर, नाव गावच्या यादीत: ऊसतोड टोळीचं मतदान कसं जमवायचं

ऊसतोड मजूर मतदान करत नाहीत ते कंटाळ्यापोटी नव्हे. २०२४ मध्ये राज्यात गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि विधानसभेचं मतदान २० तारखेला आलं. बीड, जालन्याकडच्या टोळ्या तेव्हा कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या वाटेवर किंवा उसाच्या फडात. मतपत्रिका टपालाने मागवण्याची सोय त्यांना नाही. म्हणून तयारी पोळ्याच्या आतच उरकायची.

पहिलं काम म्हणजे यादीत नाव शोधणं. जुनं मतदार ओळखपत्र जवळ असलं तरी नाव यादीत असेलच असं नाही. नवमतदारासाठी नमुना ६. वयाची अट १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या चार तारखांवर मोजतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव हमखास माहेरच्या यादीत राहतं. तिच्यासाठी नमुना ८. अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीत बदल होत नाही, आणि अर्ज निकाली निघायला दिवस लागतात.

कारखान्याच्या गावी नाव हलवू नका. हंगामापुरतं बाहेर गेल्याने गावचं वास्तव्य कायद्याने तुटत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे. खरा धोका पडताळणीचा: घराला कुलूप दिसलं की बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) 'स्थलांतरित' असा शेरा मारू शकतो. त्यामुळे निघण्याआधी टोळीतल्यांची नावं, यादीतले अनुक्रमांक आणि परतीचा महिना लिहून त्याला द्या, पोच घ्या. गैरहजर-स्थलांतरित-मृत यादीत नाव गेलं तरी मूळ यादीत ते असेल तर ओळख पटवून मत देता येतं. केंद्राध्यक्ष अंगठा आणि घोषणापत्र घेतो. तिथून निमूट परत फिरू नका.

सगळ्यात अवघड रजा. कायद्यात मतदानाची भरपगारी सुट्टी आहे, पण ती न देणाऱ्या मालकाला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये, मोठं नुकसान होणार असेल तर सूटही. शिवाय तोडकऱ्याला पैसे मिळतात टनावर, आणि कारखाना त्याला आपला कामगार मानतच नाही. सुट्टी कागदावरच राहते. जोडप्याने, म्हणजे एका कोयत्याने, दोन दिवस खाडा केला की उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, तितकी फिटायची राहते. म्हणून उचल ठरते त्याच बैठकीत मुकादमाशी दोन दिवसांचा खाडा बोलून घ्या. फडावर गेल्यावर मागून तो मिळत नाही.

प्रवास आपल्या खर्चाने, एसटीने. उमेदवाराने धाडलेली जीप फुकट दिसते, पण मतदारांची ने-आण करणं हा उमेदवाराच्या बाजूने भ्रष्ट आचार ठरतो. (ग्रामपंचायतीला एकेका मतासाठी फडावर गाड्या येतात, विधानसभेला फारसं कुणी विचारत नाही, यातच सगळं आलं.) दहा-बारा कोयत्यांनी एकाच वेळी निघण्यापेक्षा पाळी लावली तर मुकादम कमी कुरकुरतो, पण मतदान एकाच दिवशी असल्याने हे फक्त जवळच्या फडांना जमतं.

सोबत ओळखपत्र हवं: आधार, मनरेगाचं जॉबकार्ड किंवा फोटो असलेलं बँक पासबुक चालतं. रेशनकार्ड नाही, नुसती मतदार चिठ्ठीही नाही. कागदपत्रं कोपीत (फडावरच्या झोपडीत) ओली होतात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. वेळ बहुतेक ठिकाणी सकाळी ७ ते संध्याकाळी ६. सहाला रांगेत असाल तर मत घेतलंच जातं. अडलं तर १९५० वर फोन करा.