वनस्पतींच्या अर्काची चाचणी करताय? या चुका टाळा

औषधी वनस्पतींच्या अर्कावर काम करणाऱ्या नव्या मुलांचे निकाल मी बरीच वर्षं तपासते आहे. चुका त्याच त्या असतात आणि बहुतेकींच्या मुळाशी घाई असते. अर्क गुणकारी आहे हे दाखवायची इतकी घाई, की तो गुणकारी नसता तरी हाच आकडा आला असता का, हे कुणी विचारतच नाही.

एमटीटीच्या जांभळ्या रंगावर डोळे झाकून विश्वास

या चुकीचा मला सगळ्यात जास्त वैताग आहे. एमटीटी म्हणजे प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींपैकी किती जिवंत आहेत ते दाखवणारं रंगद्रव्य. चाचणी सोपी आहे. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात, ५७० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्यायचं, रंग जितका गडद तितक्या जिवंत पेशी जास्त. शुद्ध औषधाला हे गणित बहुतेकदा लागू पडतं. अर्काची गोष्ट वेगळी. त्यातली पॉलिफेनॉल ही संयुगं एमटीटीचं क्षपण, म्हणजे हाच पिवळ्याचा जांभळा बदल, स्वतःच करू शकतात, त्यासाठी पेशी लागतच नाहीत.

एका विद्यार्थिनीने एकदा आलेख आणला. सालीचा मिथेनॉलमधला अर्क, आणि मात्रा वाढेल तशा पेशीही वाढत गेलेल्या, कंट्रोलच्याही (अर्क न दिलेल्या पेशींच्याही) बऱ्याच वर. 'जखम भरून आणणारा अर्क' असं शीर्षक ठरलं होतं, परिषदेला सारांश पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी विचारलं, एमटीटी घालण्याआधी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास का? पाहिल्या नव्हत्या. प्रयोग पुन्हा लावून पाहिलं, तर वरच्या मात्रेच्या वेलमधल्या (प्लेटच्या खळग्यांमधल्या) पेशी गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. मग दुसऱ्या प्लेटमध्ये पेशी न घालता नुसतं माध्यम, अर्क आणि एमटीटी ठेवलं. काही तासांत वेल जांभळे झाले. जो अर्क पेशी मारत होता, तोच आलेखात त्या वाढवत होता! सारांश पाठवला नाही. तिला वाईट वाटणं साहजिक होतं, पण तो गेला असता तर पुढचं सगळं काम त्या खोट्या आलेखावर उभं राहिलं असतं.

माझी सवय सांगते. प्रत्येक प्लेटमध्ये, प्रत्येक मात्रेसाठी, पेशी नसलेले वेल ठेवायचे. एमटीटीआधी अर्काचं माध्यम काढून बफरने हलक्या हाताने धुवायचं. आणि निर्णय एका चाचणीवर कधीच घ्यायचा नाही. मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपॅन ब्लू लावून पेशी मोजायला वेळ लागतो, तो द्यायचा. 'ब्लँक (पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग) वजा केला की झालं' हा शॉर्टकट मला मान्य नाही. ब्लँकच एवढा जांभळा येत असेल तर चाचणी बदला.

फ्लुरोसन्सच्या, म्हणजे पदार्थाची चमक मोजणाऱ्या, चाचण्यांमध्येही हाच धोका आहे. हळदीतलं कर्क्युमिन स्वतःच चमकतं, शिवाय कितीतरी प्रथिनांशी अभिक्रिया करतं, म्हणून ते असंख्य चाचण्यांमध्ये 'प्रभावी' ठरत आलं आहे.

वनस्पती नक्की कोणती?

बाजारातून पुडी आणायची, विक्रेत्याने सांगितलेलं नाव पेपरात लिहायचं आणि थेट सोक्स्लेट (अर्क काढायचं उपकरण) लावायचं. शंखपुष्पी म्हणून किमान चार वेगवेगळ्या प्रजाती वापरल्या जातात, तुमच्या हातात त्यातली कोणती आहे? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये स्टेफानिया टेट्रांड्रा या वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची ही विषारी वनस्पती गेली. चिनी नावं एकमेकांसारखी होती. शंभराहून जास्त रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे त्यातल्या अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. म्हणून फुलाफळांसकट नमुना दाबून, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून, हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) क्रमांक मिळाल्याशिवाय मी कुणाला दळायला बसू देत नाही. कुठला भाग, कुठून, कोणत्या महिन्यात तोडला, हेही वहीत हवं.

परंपरेचा दाखला एका अर्काचा, प्रयोग दुसऱ्याच अर्काचा

लोक काढा पितात, तुम्ही हेक्झेन या पाण्यात न मिसळणाऱ्या विद्रावकातला अर्क तपासता आणि प्रस्तावनेत 'पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार' असं लिहिता. विद्रावक बदलायला माझी हरकत नाही. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथर वापरला म्हणून आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध हाती लागलं. उकळल्याने गुण जातो, ही शंका त्यांना चौथ्या शतकातल्या ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेलं वाचून आली होती. विद्रावक बदलताना असं कारण हवं, आणि दावाही त्याच अर्कापुरता ठेवायला हवा.

डीएमएसओला निरुपद्रवी समजणं

पॅरासिटामॉलने उंदराचं यकृत बिघडवायचं आणि अर्काने ते वाचतं का पाहायचं, हा लाडका प्रयोग. पण पॅरासिटामॉलपासून विषारी पदार्थ तयार करणारी यकृतातली विकरं (एन्झाइम) डीएमएसओ हा अर्क विरघळवायचा द्रव स्वतःच रोखतो. अर्क डीएमएसओत विरघळवलात आणि कंट्रोलला नुसतं सलाइन दिलंत, तर यकृत कुणी वाचवलं? अर्क आधी देऊन विष नंतर देणाऱ्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण अर्कही तीच विकरं रोखत असू शकतो. तो उपचार नव्हे.

बाकीच्या थोडक्यात

जीवाणूंच्या प्लेटवरचं वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जोरदार, असं नसतं. तो अगारमध्ये (जीवाणू वाढवायच्या जेलीत) किती पसरतो यावरही ते ठरतं. एमआयसी, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढा.

कर्करोगाच्या पेशी मेल्याचं सांगताना निरोगी पेशींचं काय झालं तेही दाखवा. ब्लीचनेही दोन्ही मरतात.

एकाच बॅचवर पेपर लिहू नका.

उंदराला किलोमागे १००० मिलिग्रॅम देण्याआधी माणसाचा हिशेब करा. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात १२.३ ने भागलं की किलोमागे साधारण ८१ मिलिग्रॅम येतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ ५ ग्रॅम कोरडा अर्क. सुक्या वनस्पतीच्या वजनाच्या १० टक्के अर्क मिळत असेल तर ५० ग्रॅम सुकी वनस्पती. एवढी कुणी रोज घेईल का, हे प्राणी मागवायच्या आधी ठरवा, नंतर नको.