संडे स्कूलच्या कॉन्फरन्सला जाताय? या चुका टाळा

चर्चमध्ये बालसेवा (संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवणं) आणि कुटुंबसेवा (घरात विश्वास रुजवायला पालकांना मदत) करणाऱ्यांच्या कॉन्फरन्सचं पत्रक आलं की पाळकसाहेब उपासनेनंतर ते वाचून दाखवतात आणि ज्याला सुट्टी मिळते त्याचं नाव दिलं जातं. तो तीन दिवसांनी आनंदात परततो, पुढच्या रविवारी साक्ष देतो, मुलांना एक नवं कृतिगीत शिकवतो. जून उजाडेपर्यंत वर्ग पूर्वीसारखाच चालू असतो. वक्ते चांगले होते, जेवणखाण चांगलं होतं, प्रार्थनाही मनापासून झाल्या होत्या. तरी मुलांपर्यंत फारसं काही पोचलं नाही, कारण जाण्याआधी जे करायचं ते राहून गेलं. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, दानातून आपली फी भरली जाते, म्हणून हे मनावर घ्यायला हवं.

एकट्यालाच पाठवणं

पहिला निकष साधा ठेवा: जो दर रविवारी मुलांसोबत बसतो त्यानेच जावं. कमिटीचे सेक्रेटरी किंवा तरुण संघाचा उत्साही कार्यकर्ता गेला तर त्याला तिथलं सगळं आवडतं, पण वापरायला वर्ग नसतो. आणि एकट्याला पाठवू नका. प्रभू येशूनेही शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं. एकटा शिक्षक परत येऊन काही सांगायला लागला की ते 'त्याचं खूळ' ठरतं. दोघांनी तेच सांगितलं तर मंडळी ऐकते. जमलं तर दुसरी व्यक्ती शिक्षक नसलेली, पण लहान मुलं असलेली आई किंवा वडील असू द्या. कुटुंबसेवेवर बोलणं चालू असताना 'आमच्या घरी हे जमणार नाही' असं स्पष्ट सांगणारं कोणीतरी बरोबर लागतं.

प्रवासाचं थोडक्यात. लांबचं ठिकाण असेल तर तारीख कळताच तिकीट बघा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं आणि एप्रिल-मेमध्ये ते लगेच भरतं. 1876 साली स्थापन झालेल्या इंडिया संडे स्कूल युनियनचं केंद्र निलगिरीत कुन्नूरला आहे. तिकडे जायचं तर कोइम्बतूरपर्यंत रेल्वे आणि पुढे मेट्टुपाळयममार्गे घाट चढायचा. आपल्याकडे कडक ऊन असलं तरी स्वेटर लागतो. आधार कार्ड, रोजची औषधं आणि मंडळीचं पत्र एका पिशवीत ठेवा. त्या रविवारी वर्ग कोण घेणार हे निघण्याआधी पक्कं करा. आपण शिकायला गेलो आणि इथे मुलांचा वर्गच भरला नाही, असं व्हायला नको.

हजेरीपट न उघडता निघणं

सगळ्यात मोठी चूक ही. निघण्याच्या आठवडाभर आधी मागच्या दोन वर्षांचे हजेरीपट काढा आणि पेन घेऊन बसा. किती मुलं नियमित येतात, कोणत्या वयाची जास्त आहेत आणि कोणत्या वयात येणं थांबतं, हे नावानिशी लिहा. शहरातल्या बऱ्याच मंडळ्यांत आठवी-नववीची मुलं गळायला लागतात, कारण क्लासच्या टेस्ट रविवारी सकाळी असतात. काही ठिकाणी दृढीकरण (कन्फर्मेशनचा विधी) झालं की मुलं दिसेनाशी होतात. गावाकडे वेगळंच कारण असतं: ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं दिवाळीनंतर नसतात आणि उन्हाळ्यात परत येतात. प्रत्येक मंडळीचं दुखणं वेगळं आहे आणि त्याची नोंद आपल्याच कपाटात पडलेली आहे.

त्यातून एक प्रश्न तयार करा, एकच. 'मुलांना देवाजवळ कसं आणावं' या प्रश्नावर भाषण मिळेल, उपाय मिळणार नाही. त्याऐवजी असं विचारा: 'चार ते चौदा वयाची बावीस मुलं एकाच व्हरांड्यात बसतात, आम्ही शिक्षक दोघं. गोष्ट कोणत्या वयाला धरून सांगायची?' याचं उत्तर अनुभवी माणूस उभ्या उभ्या देतो: गोष्ट सगळ्यांना एकत्र, दहा मिनिटांत सांगा; मग मोठ्यांना उतारा आणि प्रश्न देऊन बाजूला बसवा, लहानांना चित्र आणि वचनाचं पाठांतर द्या, आणि शेवटची प्रार्थना पुन्हा एकत्र करा. असं उत्तर स्टेजवरून क्वचितच येतं. ते चहाच्या रांगेत मिळतं, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात तशीच मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडून. म्हणून जेवताना आपल्याच मंडळीच्या माणसाशेजारी बसू नका.

गर्दीच्या सत्रात जागा धरणं

कठपुतळ्या, हस्तकला, कृतिगीतं, खेळ: या वर्गांना खुर्च्या पुरत नाहीत. बालसुरक्षेच्या वर्गात मात्र मोजकी माणसं दिसतात. हे चित्र बदलायलाच हवं. दोघं गेला असाल तर दोघांनी वेगवेगळी सत्रं घ्या आणि त्यातल्या एकाने बालसुरक्षेचं सत्र घ्यावंच.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 सालचा आहे आणि त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम 19 तेच सांगतं. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे; त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत. 'आधी कमिटीत बसून बघू, मंडळीचं नाव खराब होईल' हा विचार कायद्यालाही मान्य नाही आणि लहानांना अडखळण होणाऱ्याबद्दल प्रभूने जे कडक शब्द वापरले त्यांच्याही विरुद्ध आहे. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावा.

त्या सत्रातून कोरे नियम न आणता आपल्या इमारतीत काय बदलायचं ते ठरवून या. मुलासोबत बंद खोलीत एकटा मोठा माणूस कधीच नको, नेहमी दोघं हवेत. व्हेस्ट्रीत (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत) वर्ग भरत असेल तर दार उघडं. लहानांना शौचालयाला कोण नेणार हे ठरलेलं. वर्ग सुटल्यावर मूल कोणाच्या हाती द्यायचं याची वही. नवीन शिक्षक घेताना ओळखीवर भागवायचं नाही, आधीच्या मंडळीतल्या पाळकांना फोन करायचा. सुट्टीतल्या बायबल शाळेला बाहेरच्या घरांतली मुलंही येतात. त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्यायची, आणि आपण तिथे काय शिकवतो हे त्यांना आधी मोकळेपणाने सांगायचं.

याला जोडूनच एक चूक आहे, आणि ती अगदी चांगल्या मनाने होते. गटचर्चेत 'प्रार्थना विनंती' म्हणून एखाद्या मुलाचं नाव, गाव, त्याच्या वडिलांचं व्यसन, घरातली मारहाण असं सगळं माइकवर सांगितलं जातं. कोणीतरी ते टिपून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं आणि संध्याकाळपर्यंत ते चार जिल्ह्यांत पोचतं. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट होती ती. पीडित मुलाची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करायला कायद्याने मनाईच आहे. पण कायद्याचा प्रश्न नसला तरी नाव न घेता 'माझ्या वर्गातलं एक मूल' एवढं पुरे. परमेश्वराला पत्ता माहीत आहे. वर्गातल्या मुलांचे फोटो प्रेझेंटेशनमध्ये दाखवण्याआधीही पालकांना विचारा.

फोटो तीनशे, कामाचं पान एकही नाही

प्रत्येक स्लाइडचा फोटो काढला जातो आणि ते फोटो पुन्हा कोणी उघडत नाही. रात्री झोपण्याआधी दोघांनी वीस मिनिटं बसा आणि एकच पान लिहा: आज ऐकलेल्यातलं कोणतं आपल्या वर्गात चालेल, कोण करेल, कोणत्या रविवारी. तीन रात्रींची तीन पानं झाली की काम झालं.

बुक स्टॉलवर भुलणं

शेवटच्या दिवशी स्टॉलवर रंगीत पाठमालिका असतात. त्यातल्या बऱ्याच इंग्रजीत, मोठ्या मंडळ्यांसाठी बनवलेल्या असतात. वयाप्रमाणे पाच खोल्या, प्रोजेक्टर, प्रत्येक मुलाला वेगळं पुस्तक असं सगळं त्यांत गृहीत धरलेलं असतं. चित्रात बर्फ पडत असतो. विकत घेण्याआधी एक परीक्षा घ्या: कोणताही एक पाठ उघडा आणि शेजारच्याला तिथल्या तिथे मराठीत शिकवून बघा. दोन मिनिटांत अडखळलात तर ती पाठमालिका कपाटातच राहणार. एका पुस्तकाच्या किमतीला मुलांची संख्या आणि वर्षांची संख्या लावून गुणाकार करा. एक प्रत घेऊन झेरॉक्स काढू असं मनात असेल तर प्रकाशकाची परवानगी आहे का ते स्टॉलवरच विचारा. काही जण आनंदाने देतात.

गाण्यांचंही तसंच. इंग्रजी कृतिगीताचं घाईत केलेलं भाषांतर चालीवर बसत नाही आणि मुलं अर्थ न कळता ओरडतात. आपल्याकडे मुलांसाठी मराठीतून लिहिण्याची मोठी परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशन एकोणिसाव्या शतकातच 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक चालवत होतं आणि रेव्ह. ना. वा. टिळकांना तर 'फुलामुलांचे कवी' म्हणतात. तबला-झांजेवर म्हणायच्या भजनांना मुलं आजही रंगतात, शिकवणारा हवा.

कुटुंबसेवा म्हणजे आणखी एक सभा, असं समजणं

हा विषय नवा असल्यामुळे इथे गोंधळ जास्त होतो. परत आलेले लोक बहुधा 'पालक मेळावा' ठेवतात. वीस घरांतून सहा माणसं येतात, त्यातही पाच जण कमिटीचेच असतात, आणि मग 'आपल्या पालकांना काही पडलेली नाही' असा निष्कर्ष निघतो. पालकांवर हा अन्याय आहे.

हिशोब बघा. वर्षात 52 रविवार. सणावाराच्या सुट्ट्या, परीक्षा आणि मुसळधार पावसाचे दिवस वजा केले तर तासाभराचे चाळीसेक वर्ग हाती राहतात. उरलेलं सगळं वर्ष मूल घरी असतं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितली आहेत ती घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्यात सभा कुठेच नाही. म्हणून कॉन्फरन्समध्ये कोणतीही योजना ऐकली की हे विचारा: शिफ्ट ड्यूटीवरून रात्री साडेदहाला येणाऱ्या बापाला यातलं काय जमेल? मूल आजीकडे वाढत असेल आणि आजीला वाचता येत नसेल तर? घरात एकटी आईच ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी असेल तर?

शेवटचा प्रश्न तर पवित्र शास्त्रातच आहे. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल लिहितो; वडील ग्रीक होते, असं प्रेषितांची कृत्यं सांगतं. म्हणजे मंडळीचा हा पुढारी ज्या घरात घडला ते घर 'आदर्श कुटुंबा'च्या पोस्टरवर बसणारं नव्हतं. आजीला वाचता येत नसेल तर रविवारी पाठ केलेलं वचन नातवाने घरी तिला म्हणून दाखवायचं, एवढं काम द्या. बापाला एक वाक्याची आशीर्वादाची प्रार्थना लिहून द्या, झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायला. आणि घरभेटीला जाल तेव्हा हजेरीबद्दल बोलू नका, मुलातलं एखादं चांगलं सांगा.

शिकवणीतला फरक विसरणं

अशा कॉन्फरन्सला वेगवेगळ्या पंथांची माणसं येतात. बाळांचा बाप्तिस्मा, दृढीकरण, मुलांनी प्रभुभोजन कधी घ्यावं, यांवर मतं वेगळी असणारच. ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि पाळकांशी बोलल्याशिवाय ते आपल्या वर्गात आणू नका. एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे: भावनेच्या भरात मुलांना हात वर करायला लावून ख्रिस्ताला स्वीकारण्याचे 'इतके निर्णय झाले' अशी मोजणी करू नये. लहान मूल शिक्षकाला खूश करायलाही हात वर करतं.

परतल्यावर पहिल्याच रविवारी घोषणा

बायबलमधला नहेम्या यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधायला तिथे पोचला तेव्हा तीन दिवस गप्प राहिला. मग रात्री थोडी माणसं घेऊन पडलेला कोट बघून आला, कोणाला काही न सांगता. त्यानंतर तो म्हणाला, चला, बांधू या. परतल्यावर हाच क्रम धरा. तुम्ही नसताना वर्ग सांभाळणाऱ्या ताईंना आधी भेटा आणि त्यांचं ऐकून घ्या. नाहीतर 'बाहेर जाऊन आले आणि आम्हाला शिकवायला लागले' ही भावना येते, आणि ती रास्त असते. खजिनदारांना आठवड्याभरात बिलांसह हिशोब द्या. मग तीन पानांतली एकच गोष्ट निवडा आणि तीन महिने तेवढीच करा.

अडचणी येतील. पाळकांना वेळ नसेल तर लांब अहवाल देऊ नका, वर्गात दहा मिनिटं येऊन बसायला बोलवा. कमिटी पैसे नाहीत म्हणाली तर बिनपैशाच्या सुधारणेपासून सुरू करा. उघडं दार आणि दोन शिक्षक यांना खर्च येत नाही. महिन्याभरात उत्साह ओसरला तर तिथे भेटलेल्या त्या खेड्यातल्या बाईंना फोन करा, त्यांच्याकडेही तेच झालेलं असतं आणि दोघांनाही बळ येतं. बालसुरक्षेच्या नियमांना 'आपल्यात असं काही होत नाही' म्हणून विरोध झाला तर मागे हटू नका. पाळकांना सोबत घेऊन नियम लेखी मंजूर करून घ्या आणि इतिवृत्तात नोंद करा.

पुढच्या वर्षी कोण जाणार, हेही कमिटीच्या याच बैठकीत ठरवा. यंदाच्या दोघांपैकी एक जण आणि एक नवा शिक्षक. त्या नव्याला आत्तापासूनच हजेरीपट लिहायला द्या.