चाळीस जणांची मेस: आधी खाडे लावा, मग भाजीकडे बघा

पोरापोरींनी मिळून चालवलेली मेस दोन-तीन महिन्यांत बसते आणि खापर फुटतं महागाईवर, नाहीतर मावशींच्या हातावर. वही उघडून पाहिली की कारण सापडतं. चाळीस जणांचं रांधलं, जेवायला एकतीस आले. नऊ जणांचं अन्न कचऱ्यात गेलं आणि त्याचे पैसे जेवलेल्यांच्या माथी बसले. त्यावर ‘उद्यापासून डाळ पातळ करू’ हा तोडगा काढणाऱ्याला हिशेबाच्या वहीला हात लावू देऊ नका.

दर ठरवताना एक आकडा समोर ठेवा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सरकार मदत देतं त्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी भोजनभत्ता वर्षाला 32,000 रुपये धरलेला आहे. रोजची दोन जेवणं धरली तर एका जेवणाला साधारण 44 रुपये येतात. तुमच्या मेसमध्ये कुणी ना कुणी एवढ्यावरच भागवत असतो. दर या आकड्याच्या आत बसतो, मावशींचा पगार आणि गॅस धरूनही बसतो, पण रांधलेलं खाल्लं गेलं तरच.

मापं

एका जेवणाला, माणशी, कच्चा माल: कणीक 120 ग्रॅम (चार पोळ्या), तांदूळ 60 ग्रॅम, तूरडाळ 35 ग्रॅम, भाजी निवडण्याआधी 150 ग्रॅम किंवा उसळीचं कडधान्य कोरडं 40 ग्रॅम, तेल 12 ते 15 ग्रॅम. चाळीस जणांना म्हणजे कणीक पाच किलो, तांदूळ अडीच, डाळ दीड किलोला थोडी कमी. मेथी-चुका असेल तर 150 ग्रॅम पुरत नाहीत, कारण निवडताना निम्मी जुडी देठांत जाते. तिथे पाव किलो धरा, किंवा मुगाची डाळ घालून भाजी वाढवा.

डाळीत आणि उसळीत काटकसर नको. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. वरच्या मापात वरण आणि उसळ दोन्ही असली की एकाच जेवणात तीसच्या वर मिळतात. बटाट्याच्या रश्शावर आठवडा काढणाऱ्या मेसला हे जमत नाही. मटकी, चवळी, मसूर, हरभरा आलटून पालटून आठवड्यातून चार दिवस ठेवा. एखाद्या रश्शात सोयाबीन वड्या टाका, माणशी 15 ग्रॅम पुरतात. त्या आधी गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, नाहीतर तो वास सगळ्या रश्शाला लागतो.

किराणा महिन्याचा, कांदे-बटाटे आठवड्याचे, पालेभाजी रोजची. पावसाळ्यात कांद्याचं पोतं घेऊ नका.

खाडे

खाडा म्हणजे जेवायला नसणं आणि त्या जेवणाचे पैसे वजा होणं. सगळ्यांचं इथेच चुकतं. ‘सलग तीन दिवस नसाल आणि आधी सांगितलं असेल तरच खाडा’ हा नियम बहुतेक मेसमध्ये असतो, आणि अन्न वाया घालवायला याच्याइतका उपयोगी नियम दुसरा नाही. ज्याला फक्त आज रात्री मित्राकडे जेवायचं आहे, त्याने सांगून त्याला मिळणार काय? तो सांगत नाही. त्याच्या चार पोळ्या लाटल्या जातात आणि सकाळी बादलीत जातात.

खाडा एका जेवणाचाही मिळाला पाहिजे. मेसला तोटा होऊ नये म्हणून दराचे दोन भाग करा. मावशींचा पगार, गॅस, भांडी, जागेचं भाडं हा एक भाग. तो प्रत्येकाने महिन्याला द्यायचाच, जेवा की न जेवा. शिधा हा दुसरा भाग, तो जेवणागणिक. समजा एका जेवणाचे 40 रुपये पडतात आणि त्यातले 12 पहिल्या भागाचे आहेत, तर खाड्याला 28 परत. पूर्ण 40 परत करायला लागलात तर सुट्टीच्या महिन्यात मावशींचा पगार द्यायला पैसे उरणार नाहीत.

आता खाडा कळवायचा कसा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नको. तिथे लोक अंगठा दाखवतात आणि विसरतात, वर रात्री साडेआठला ‘सॉरी, आज नाही’ येतं. मेसच्या दाराशी, हात धुवायच्या जागेजवळ, एक फळी लावा. प्रत्येकाच्या नावाखाली एक खिळा आणि खिळ्याला पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा बिल्ला, एक बाजू लाल, एक हिरवी. दुपारचं जेवून हात धुताना रात्री यायचं असेल तर बिल्ला हिरवा करायचा, रात्री जेवून उठताना उद्या दुपारसाठी. जेवायला बसताना तो परत लाल. ज्याचं दुपारचं जेवण बाहेर झालं त्याने तीनच्या आत येऊन उलटवायचा. दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला ज्याची पाळी असेल त्याने हिरवे बिल्ले मोजायचे आणि आकडा खडूने मावशींच्या ओट्यासमोर लिहायचा. त्यानंतर बिल्ल्याला हात नाही.

लक्षात घ्या, न उलटवलेला बिल्ला म्हणजे ‘येणार नाही’. उलट नियम केलात, म्हणजे न सांगणारा येणारच असं धरलंत, की पुन्हा जिथल्या तिथे. पहिल्या आठवड्यात चार-पाच जण विसरतील आणि भांडतील. नियम सैल करू नका. मात्र उपाशीही कुणाला पाठवायचं नाही. त्यासाठी वेगळी सोय आहे.

जास्तीचे पाच-दहा जण धरून रांधायचंच नाही. ती जास्तीची तयारी कच्ची ठेवायची: एक किलो बेसन, दीड किलो कोरडी कणीक, कांदे, मिरच्या, लसूण. बिल्ला न उलटवता आलेल्याला पिठलं-पोळी मिळेल, पंधरा मिनिटं थांबावं लागेल. पिठल्याला माणशी 40 ग्रॅम बेसन पुरतं. कुणी आलंच नाही तर बेसन डब्यात आहे तसं राहतं, रांधलेली भाजी राहत नाही.

भातालाही हेच. सगळा भात एकदम लावू नका. अडीच किलोतला दीड किलो पहिल्या खेपेला शिजवा. निम्मी पंगत उठली की ओट्यासमोर लिहिलेल्या आकड्यातले किती जण जेवायचे राहिलेत ते बघा आणि तेवढाच दुसरा कुकर लावा. वरणाची डाळ शिजवून घट्ट ठेवा, फोडणी घालून पातळ करायची ती लागेल तशी.

मावशींशी मात्र आधी बोला. भात कमी पडला की त्यांना सगळे बोलतात, उरला तर कुणी बोलत नाही, म्हणून त्या हळूच दोन मापं वरची टाकतात. त्यात त्यांची चूक नाही. तांदूळ आणि कणीक पाळीवाल्याने वजन करून काढून द्यायची, पिंपाची किल्ली त्याच्याकडेच. कमी पडलं तर बोलणी त्याने खायची, हे सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगा.

उरलंच तर

पोळ्यांचा सकाळी कुस्करा, वरणाची वरणफळं, कोरडी भाजी थालिपिठात. हे तुम्हाला येतंच. ही उरलेली वरण-भाजीही रात्री फ्रीजमध्येच गेली पाहिजे. उरलेली मोड आलेली मटकी कच्चीच फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहते.

भाताचं वेगळं. घरी रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतात, म्हणून मेसमध्येही चालेल असं समजू नका. घरचा वाटीभर भात लवकर निवतो. पाच-सहा किलो भाताचं पातेलं झाकून ठेवलं तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीने जात नाही. अर्धी मेस ओकाऱ्यांनी आडवी होते आणि दोष जातो पाण्याला. उरलेला भात लगेच दोन-तीन परातींत बोटभर जाडीचा पसरा, पंखा लावा, तासाभरात फ्रीजमध्ये घाला आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीज नसेल तर भात ठेवायचा विचारच करू नका. तो गरम असतानाच, जेवणं आटोपल्याबरोबर, जवळच्या कुणाला देता आला तर द्या. द्यायचा तो पातेल्यातला, ताटातला कधीच नाही.

दोन बादल्या

उष्टं एका बादलीत, पातेल्यातलं दुसरीत, दोन्हींचं रोज वजन आणि वहीत नोंद. पातेल्यातलं वाढलं तर मोजणी चुकतेय. उष्टं वाढलं तर भाजी बिघडलीय किंवा वाढायची पळी मोठी आहे. कप्प्यांची मोठी ताटं घेतली असतील तर तीही बघा, मोठा कप्पा भरावासाच वाटतो.

रविवारी दुपारी फीस्ट असेल तर रात्री मेस बंद ठेवा, नाहीतरी कुणी येत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी दहा दिवस गहू दळायला टाकायचे बंद करा आणि आहे ती कणीक संपवा. परत येईपर्यंत तिला जाळी लागलेली असते, आणि मग चाळून वापरायची की टाकायची यावर पहिल्याच दिवशी भांडण होतं. टाकायची.