घरच्या वेल्डिंगने वीजबिल किती वाढते, ते कसे काढावे

गच्चीवर पत्र्याची शेड उभारायची, खिडकीला जाळी बसवायची किंवा जुन्या फाटकाची तुटलेली बिजागरी जोडायची म्हणून हल्ली अनेक जण छोटे वेल्डिंग मशीन घरीच आणतात, आणि पहिला टाका मारण्याआधीच घरातून बिलाचा प्रश्न येतो. मशीनच्या पट्टीवर सात केव्हीए लिहिलेले असते, काम पाच तास चालणार असते, आणि सात पंचे पस्तीस युनिटे असा हिशेब करून कोणीतरी धास्तावते. हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. पट्टीवरचा आकडा मशीनने जास्तीत जास्त किती भार खेचावा याचा असतो, रोजच्या कामाचा नव्हे. शिवाय पाच तासांच्या कामात प्रत्यक्ष ठिणगी पेटलेली असते ती जेमतेम तासभर, कारण उरलेला वेळ मापे घेण्यात, कापण्यात, स्लॅग म्हणजे टाक्यावर जमणारी कडक खपली झाडण्यात आणि पुढचा तुकडा काटकोनात बसवण्यात जातो. म्हणून घरच्या वेल्डिंगची वीज तासांवर न मोजता जळालेल्या रॉडांवर, म्हणजे टाका मारताना वितळणाऱ्या लेप दिलेल्या काड्यांवर मोजावी.

एका रॉडला किती वीज लागते

घरगुती कामात बहुधा बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीचा आणि ३५० मिलिमीटर लांबीचा रॉड वापरला जातो व त्यासाठी ७० ते ९० अँपिअर प्रवाह ठेवतात. रॉडच्या वेल्डिंगमध्ये ठिणगीवरील व्होल्टेज काढण्याचा प्रचलित नियम असा, की अँपिअरच्या आकड्याला ०.०४ ने गुणावे आणि त्यात २० मिळवावेत. ८० अँपिअरला ते २३.२ व्होल्ट होते, आणि ८० गुणिले २३.२ म्हणजे ठिणगीतील शक्ती सुमारे १,८५० वॅट. इन्व्हर्टर पद्धतीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारे हलके मशीन घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० ते ८५ टक्के वीज ठिणगीपर्यंत पोहोचवते, त्यामुळे मीटरमधून सुमारे २,२५० वॅट खेचले जातात. हा रॉड जळायला सुमारे एक मिनिट लागते. म्हणजे एका रॉडला ०.०४ युनिटाच्या आसपास वीज लागते आणि एका युनिटात सुमारे पंचवीस रॉड जळतात.

दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड ११० अँपिअरवर चालवला तर हाच हिशेब प्रतिरॉड ०.०७ युनिटापर्यंत जातो आणि एका युनिटात चौदाच रॉड होतात. पातळ चौकोनी पाइपला इतका जाड रॉड लागत नाही. त्याने वीज तर जास्त जातेच, पण पाइपला भोक पडून ते भरण्यासाठी आणखी दोन रॉड खर्ची पडतात.

फॅब्रिकेशनच्या जुन्या दुकानांत दिसणारे, तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या गुंडाळ्यांचे जड ट्रान्सफॉर्मर मशीन कोणी स्वस्तात देऊ केले, तर घेण्यापूर्वी थांबून विचार करावा. त्याची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास धरली तर त्याच रॉडला ०.०५ युनिट लागते, आणि काम थांबले असतानाही ते घुमत राहून शंभर-दोनशे वॅट सहज खाते. शिवाय यांतील बरीच मशीने दोन फेजवर चालणारी असतात व घराच्या सिंगल फेजवर ती चालतच नाहीत.

पूर्ण दिवसाचा हिशेब कसा मांडावा

आता एका रविवारचे काम डोळ्यांसमोर आणा. बारा नंबरचे साठ रॉड जळाले, त्यांची २.४ युनिटे झाली. मधल्या चार तासांत मशीन चालू ठेवल्याने त्यातील पंखा फिरत राहिला, त्याला ५० वॅटच्या हिशेबाने ०.२ युनिट लागले. चार इंची हँड ग्राइंडर सगळे मिळून तासभर चालला, त्याचे ०.६ युनिट धरावे. चौदा इंची कटर मशीन दोन किलोवॅटचे असते. ते वीस मिनिटे चालले तर ०.७ युनिट होते. एकूण बेरीज चार युनिटांच्या आत राहते, आणि त्यातील दीड युनिट वेल्डिंगचे नाहीच, ते कापण्याघासण्याचे व रिकाम्या मशीनचे आहे.

अंधार पडल्यावर काम पुरे करण्यासाठी कोणी ५०० वॅटचा हॅलोजन तीन तास लावला, तर एकटा तो दिवा दीड युनिट घेऊन जातो. म्हणजे सुमारे सदतीस रॉडांची वीज एका दिव्याने खाल्ली. असे काम उजेडात करावे, त्यात डोळ्यांचेही भले आहे. ज्यांच्याकडे वेळेनुसार नोंद करणारा टीओडी मीटर बसला आहे, त्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर प्रतियुनिट सवलतही लागू झाली आहे.

त्या चार युनिटांची किंमत घराघरांत वेगळी का असते

खरा फरक येथे पडतो, म्हणून मशीनऐवजी आधी मागील बारा महिन्यांची बिले हातात घ्यावीत. महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्प्यांचा आहे : पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढील. २०२४-२५ या वर्षासाठी महावितरणचा वीज आकार या टप्प्यांना अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये प्रतियुनिट होता, त्यावर १.१७ रुपये वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क होते. दर बदलत राहतात, त्यामुळे आपल्या ताज्या बिलाच्या मागील बाजूस छापलेले आकडे घ्यावेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो येथे धरलेला नाही.

पाच रविवार असलेल्या महिन्यात वरीलप्रमाणे काम केले तर वीस युनिटे जादा जातील. ज्या घराचा एरवीचा वापर ४० युनिटे आहे, तेथे ही वीस युनिटे पहिल्याच टप्प्यात बसतात आणि शुल्कासह सुमारे १३६ रुपये पडतात. ९० युनिटे वापरणाऱ्या घरात दहा युनिटे स्वस्त टप्प्यात आणि दहा महाग टप्प्यात जाऊन रक्कम २०१ रुपये होते. २९० युनिटे वापरणाऱ्या घरात ती ३१५ होते, आणि पाचशेच्या वर असलेल्या, दोन वातानुकूलन यंत्रे चालणाऱ्या घरात ४१३. मशीन तेच, रॉड तेच, कामही तेच. पण वेल्डिंगची वीज नेहमी घराच्या वापराच्या वरच्या टोकाला जाऊन बसते आणि त्या टोकाचा दर तिला लागतो. म्हणून बिलावरील एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून आलेला सरासरी दर येथे वापरू नये. शेवटचे युनिट ज्या टप्प्यात पडते, त्याचा दर घ्यावा.

एक गैरसमज मात्र येथेच दूर केला पाहिजे. शंभरावर एक युनिट गेले की मागची सगळी युनिटे महाग होतात, असे पारावर हमखास सांगितले जाते. महाराष्ट्रात तसे होत नाही. टप्प्याच्या वर गेलेल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. सीमेपलीकडे, बेळगाव-निपाणी भागातील मराठी घरांत परिस्थिती निराळी आहे, कारण कर्नाटकाच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. तेथे १९० युनिटे वापरणाऱ्या घराला वीस युनिटांचे वेल्डिंग खरोखरच फार महागात पडेल, आणि ते काम दोन महिन्यांत विभागणे शहाणपणाचे ठरेल.

महाराष्ट्रातही काम उन्हाळ्यात करावे की थंडीत, याचा निर्णय जुन्या बिलांवरून घेता येतो. मे महिन्यात पंखे आणि कूलर यांनी वापर आधीच वरच्या टप्प्यात नेलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत तेच रॉड खालच्या दराने जळतात. पावसाळ्यात उघड्यावर वेल्डिंग करूच नये, तेथे प्रश्न बिलाचा नसून शॉकचा आहे.

तरीही प्रमाण लक्षात ठेवावे : दुसऱ्या टप्प्यातील दर शुल्कासह १३.३० रुपये धरला, तरी बारा नंबरचा एक रॉड जाळायला सुमारे ५३ पैशांची वीज लागते. तो रॉड स्वतः याहून महाग असतो.

मीटरवर पडताळणी

वरील आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या मशीनचा आकडा आपल्या मीटरवरून काढावा. फ्रिज, पाण्याचा पंप, पंखे सगळे बंद करून मीटरवरील वाचन दशांशासह लिहून घ्यावे. मग ठरावीक अँपिअरवर दहा रॉड लागोपाठ नव्हे, तर मशीनला मधूनमधून विसावा देत जाळावेत आणि पुन्हा वाचन घ्यावे. फरक ०.४ युनिटाच्या जवळ आला तर मशीन ठीक आहे, तो ०.६ किंवा त्याहून जास्त आला तर मशीन जुन्या पद्धतीचे आहे, प्रवाह जास्त ठेवला आहे किंवा वीज वाटेत कोठेतरी गळते आहे.

रिकाम्या मशीनचा वापर इतका थोडा असतो, की तो वाचनात दिसत नाही. त्यासाठी मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. मीटरवर ३२०० इंपल्स प्रतियुनिट असे छापले असेल, तर ५० वॅटला तो साधारण साडेबावीस सेकंदांनी एकदा लुकलुकतो. आठ सेकंदांनीच लुकलुकू लागला तर रिकामे मशीन १४० वॅट घेत आहे असे समजावे आणि जेवायला उठताना ते बंद करावे.

वीज वाया कोठे जाते

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड. तळमजल्यावरून गच्चीपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची वीस मीटर वायर सोडली, तर जाण्यायेण्याच्या चाळीस मीटरचा रोध अर्ध्या ओहमच्या जवळ जातो आणि पंधरा अँपिअरला सुमारे ११० वॅट नुसती वायर तापवण्यात खर्च होतात. बिलात ही रक्कम किरकोळ असली तरी गुंडाळून ठेवलेली वायर वितळून आग लागण्याचा धोका किरकोळ नाही. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पूर्ण उलगडून वापरावी, ती मीटरजवळच्या स्वतंत्र एमसीबीवरून घ्यावी, आणि अर्थिंग व ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यांची खात्री वायरमनकडून आधीच करून घ्यावी.

दुसरी गळती अर्थ केबलच्या क्लॅम्पवर होते. गंजलेल्या किंवा रंगवलेल्या लोखंडावर तो लावला तर ८० अँपिअरला तेथेच शंभरावर वॅट जाऊ शकतात, ठिणगी अडखळते आणि टाका पुन्हा मारावा लागतो. ग्राइंडरने दोन इंच जागा चकचकीत करायला काही सेकंद लागतात.

दमट रॉडही तसेच. पावसाळ्यानंतर उघड्या पुड्यातून काढलेला रॉड चिकटतो, तडतडतो, आणि त्याचे जोड पुन्हा घासून पुन्हा भरावे लागतात. तो सुकवण्यासाठी तासभर भट्टी लावण्यापेक्षा पुडा पहिल्यापासून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, तेवढ्याने भागते. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये रॉड सुकवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

वीज वाचवण्याचा दावा करणारी, भिंतीतील प्लगमध्ये खोचायची छोटी डबी घेऊ नये. ती फार तर पॉवर फॅक्टरला, म्हणजे खेचलेल्या भारापैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाच्या प्रमाणाला हात लावते, आणि घरगुती ग्राहकाचे युनिट किलोवॅट-तासात मोजले जात असल्याने त्याने बिल उतरत नाही. तसेच वेल्डिंग मशीनला इन्व्हर्टर म्हणतात म्हणून घरातील बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ते चालेल असे समजू नये. नावापलीकडे त्यांचा संबंध नाही.

मंजूर भार आणि जोडणीचा प्रकार

बिलावर मंजूर भार किती किलोवॅट आहे, ते पाहावे. तो एक किलोवॅट असेल आणि मशीन सव्वादोन खेचत असेल, तर भारवाढीचा अर्ज आधी करावा, कारण स्मार्ट मीटरमध्ये कमाल मागणीचीही नोंद होते. हौशी कामासाठी थ्री फेज घेण्याची घाई मात्र करू नये : २०२४-२५ च्या दरांत सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये होता, तर थ्री फेजचा ४२४, आणि हा फरक मशीन वर्षभर कोपऱ्यात पडून राहिले तरी भरावाच लागतो.

शेतावरच्या घरात एक सोपी वाटणारी चूक होते. पंपाच्या मोफत विजेवर वेल्डिंग उरकून घेतले, तर तो मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर ठरतो, आणि वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. तारेवर आकडा टाकणे ही तर कलम १३५ खालील चोरीच.

शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामे पैसे घेऊन करायला लागल्यास जोडणीचा प्रकार बदलण्याचा विचार करावा. घराच्या एका भागात चालणाऱ्या छोट्या व्यवसायाला महिन्याला ३०० आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत घरगुती दर लागू ठेवण्याची तरतूद महावितरणच्या दर आदेशांत राहिली आहे. ही मर्यादा घर आणि काम मिळून एकत्र मोजली जाते, त्यामुळे दर मार्चअखेरीस वर्षाच्या युनिटांची बेरीज करून चालू आदेशाशी ताडून पाहावी.