सन व्हायझर सारखा खाली येतोय? या चुका टाळा

गाडी खड्ड्यात आदळली की ड्रायव्हरसमोरचा व्हायझर, म्हणजे ऊन अडवणारी फळी, धपकन डोळ्यांपुढे येतो आणि नेमकी त्याच वेळी पुढची दुचाकी दिसत नाही. तरीही बरेच जण टेप लावून वेळ मारून नेतात. उन्हात तापलेल्या गाडीत टेपचा गोंद पातळ होतो, व्हायझर पुन्हा लोंबतो आणि छताच्या कापडावर चिकट डाग तेवढा उरतो. रबरबँडही उन्हाने कडक होऊन तुटतो.

दुसरी चूक म्हणजे दोष कुठे आहे ते न बघता स्क्रू आवळत सुटणे. आधी व्हायझर धरून हलकेच हलवा. व्हायझरची दांडी छताला धरून ठेवणारा ब्रॅकेटच हलत असेल तर स्क्रू ढिले झालेत. ते आवळले की काम झाले. फक्त मधल्या आरशाकडचे टोक लोंबत असेल तर तिथला छोटा हूक तुटलेला असतो. तो बऱ्याच गाड्यांना सुटा मिळतो. ब्रॅकेट घट्ट आहे, पण फळी दांडीभोवती सैल फिरते, असे असेल तर आतली स्प्रिंग क्लिप गेली.

बहुतेक गाड्यांत हाच दोष निघतो. दांडीचा थोडा भाग चपटा असतो. व्हायझर वर केला की क्लिप त्या भागावर ‘टक्’ करून बसते आणि फळी छताला दाबून धरते. क्लिपचा ताण गेला किंवा तिच्याभोवतीचे प्लास्टिक तडकले की तो ‘टक्’ जाणवत नाही. अशा वेळी स्क्रू पिळत राहिलात तर पत्र्यातले आटे मरतात आणि दोन दुखणी होतात. तेलाचा फवारा तर मुळीच नको. क्लिप दांडीला आवळून धरते म्हणूनच फळी टिकते. तेलाने ती पकडही जाते. फळी उसवून क्लिप पक्कडीने दाबता येते, पण तडकलेल्या प्लास्टिकमध्ये ती फार दिवस टिकत नाही. व्हायझर बदललेला बरा.

बदलताना घाई नडते. व्हायझरमध्ये दिवा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ब्रॅकेटवरची टोपी पट्टी-स्क्रूड्रायव्हरला फडके गुंडाळून उचका. आत २ किंवा ३ स्क्रू असतात, काही गाड्यांत टॉर्क्स डोक्याचे, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे. शेवटचा स्क्रू काढताना फळी दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर सगळा भार वायरवर येतो. कनेक्टरचे लॉक दाबून सोडवा, वायर ओढू नका. कर्टन एअरबॅग (छताच्या कडेत बसवलेली, अपघातात फुगणारी पिशवी) असलेल्या गाडीत छताच्या कडेला स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. नवा बसवताना सगळे स्क्रू आधी हाताने धरवा, मगच आवळा.

पार्ट मागवताना चॅसिस नंबर द्या. आपल्याकडे ड्रायव्हरचा व्हायझर उजवा. डावा घेतला तर दांडी उलटी येते. रंग, आरसा आणि दिवा आहे की नाही, हेही सांगा. शक्यतो जुना सोबत न्या.

नव्या व्हायझरलाही कागदपत्रे, पाउच अडकवू नका, वजनाने क्लिप लवकर जाते. खिडकीकडे वळवताना आधी हूकमधून सोडवा, तसाच हिसकू नका.

पार्ट येईपर्यंत लोंबता व्हायझर काढून ठेवा आणि गॉगल वापरा. त्याऐवजी पुढच्या काचेवर काळी फिल्म चिकटवू नका: नियमानुसार त्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायलाच हवा.